डीपी काळा पडलाय, साहेब!

आमदाराशी बोलावं कसं, हे अख्ख्या राहू गावात एकट्या अयुबभाईंना कळत होतं. हे आमचं मत नाही, खुद्द अयुबभाईंचं आहे! दौंडला कुठल्याशा संस्थेनं 'लोकप्रतिनिधींशी प्रभावी संवाद' नावाचं शिबिर घेतलं होतं. बाकीचे गावकरी पोहे खाऊन परतले. अयुबभाई पोहे खाऊन, वर ज्ञान घेऊन आले. तेव्हापासून कुणी तुंबलेल्या गटाराबद्दल नुसतं कुरकुरलं, तरी ते बोट वर करायचे. "असं न्हाई बोलायचं! थोडक्यात बोलायचं. सोताचा अनुभव सांगायचा. आन् एकट्यानं न्हाई, समद्यांनी मिळून सांगायचं!"

गटार अजूनही तुंबलेलंच आहे, पण ते असो.

तर ऐन मिरचीच्या हंगामात गावचा डीपी जळाला. डीपी म्हणजे खांबावरचा ट्रान्सफॉर्मर. गावाकडं त्याला दुसऱ्या नावानं कुणी ओळखत नाही. अयुबभाईंची पिठाची गिरणी बंद पडली. पण खरा घोर होता त्यांच्या बायकोला, सुलतानबींना. गिरणीशेजारचं मिरची कांडप त्यांचं, आणि उन्हाळ्याचे हे चार आठवडे चाललं तरच घर वर्षभर चालायचं.

"सायमाचे अब्बा, बाया मिरच्या घिऊन खुटबावला चालल्यात. एकदा तिकडची वाट पडली, की परत येत्यात व्हय?"

"वायरमन म्हणतो, वर सांगा. आता मी वरच सांगतो. डायरेक्ट आमदार!"

"मग फोन करा की."

"फोन? फोन अडाणी लोक करत्यात. शिकलेला माणूस मेसेज करतो!"

आणि त्यांनी केला. 'साहेब, डीपी फार जुना झाला आहे. काळा पडला आहे. तेल गळते. जवळ जायला माणसे घाबरतात. कृपया लवकर बदलावा. अयुब, राहू.' वीज, ट्रान्सफॉर्मर असली फुकटची भरताड नाही. डीपी कुणाला कळत नाही? थोडक्यात म्हणजे थोडक्यात!

आता साहेबांचा मोबाईल साहेब थोडेच बघतात? तो सत्यजीत बघायचा. पोरगा पुण्याचा. याआधी शिक्रापूरच्या एका मटण हॉटेलचं पेज सांभाळायचा. त्याच्या हिशेबानं वीज ही भिंतीतून येणारी वस्तू होती, आणि डीपी म्हणजे मोबाईलवरचा फोटो! मेसेज वाचून त्याला घाम फुटला. कारण साहेबांचा फोटो खरंच जुना होता. भर उन्हातल्या सभेतला. कपाळ असं चमकत होतं, की तेल गळतंय म्हणणाऱ्याला खोटं कसं पाडणार?

उत्तर लगेच आलं. 'प्रामाणिक सूचनेबद्दल आभार. डीपी आजच बदलण्यात येईल.'

अयुबभाई गावभर मोबाईल नाचवत फिरले. सुलतानबींनी आळीत निरोप धाडले, "आणा गं मिरच्या!" संध्याकाळपर्यंत ओसरीत मिरच्यांचा ढीग लागला आणि सगळी आळी शिंकायला लागली. एवढ्यात दुसरा मेसेज. 'डीपी बदलला आहे. आता कसा वाटतो?'

अयुबभाई धावत खांबापाशी गेले. डीपी तोच. वर एक कावळा. त्यांनी उभ्या उभ्या कळवलं, 'साहेब, काही बदललेले नाही. तोच काळाठिक्कर. वर कावळा बसला आहे.'

सत्यजीतनं दुपारीच स्टुडिओत नेऊन, पावडर लावून साहेबांचा नवा फोटो काढला होता. तो फोटो त्यानं मोठा करकरून पाहिला. कावळा काही सापडेना.

इकडं अयुबभाईंनी शिबिरातलं पुढचं अस्त्र काढलं. सोसायटीचे चेअरमन पोपटराव पारावर बसले होते. "आप्पा, आता समद्यांनी लिवायचं. ज्याचा त्याचा अनुभव!"

"माझा अनुभव दांडगा हाय," असं म्हणून पोपटरावांनी चष्मा चढवला आणि लिहिलं, 'हा त्रेसष्टचा आहे. याला आता भार झेपत नाही. त्वरित शंभरचा द्यावा.' त्रेसष्ट आणि शंभर ही ट्रान्सफॉर्मरची ताकद, हे राहूतलं शेंबडं पोरही सांगेल. पण साहेबांनी गेल्याच महिन्यात त्रेसष्टाव्या वाढदिवसाचा केक कापला होता!

मग काय, सारं गाव लिहितं झालं. 'नुसता घूं घूं आवाज करतो, काम काही करत नाही.' 'पोराबाळांना आम्ही याच्यापासून लांब ठेवतो.' 'खुटबावचा बघा, किती चांगला!' 'याला एकदाचा भंगारात काढा.'

आजवर मतदारसंघातून साहेबांशी इतका प्रभावी संवाद कुणी साधला नव्हता. निवडणूक तोंडावर. साहेबांची झोप उडाली. सकाळी गाड्यांचा ताफा थेट गिरणीसमोर थांबला.

"अयुब कोण?"

"मीच, साहेब! या, बसा!"

"बसतो कशाला? मी तुमचं काय वंगाळ केलं रं? वय झालं, मान्य हाय. पर भंगारात? आन् तेल कुठं गळतंय, ते दाव मला!"

अयुबभाईंना गहिवरून आलं. काय हा माणूस! गावाच्या डीपीचं दुःख स्वतःला लावून घेतो! ते हात जोडून म्हणाले, "साहेब, बुडातनं गळतंय."

साहेबांनी नकळत लेंगा चाचपला. पोपटराव मदतीला धावले. "रातचा लई गळतो, साहेब. खाली घमेलं ठेवलंय आम्ही."

"घमेलं?" साहेब लालेलाल झाले. कार्यकर्त्यांनी बाह्या सारल्या. तेवढ्यात सुलतानबी आतून तरातरा बाहेर आल्या.

"अवो साहेब, तुमचं न्हाई! त्या खांबावरच्याचं चाललंय!"

साहेबांनी मान वर केली. काळंकुट्ट धूड, खाली तेलाचं घमेलं, वर कावळा. मग साहेब पोट धरून हसले. "ह्यो डीपी व्हय! आन् मला वाटलं, मीच!" कार्यकर्ते हसले, पोपटराव हसले, अयुबभाई तर सगळ्यांत मोठ्यानं हसले. सुलतानबी हसल्या नाहीत.

"मग बदलणार कवा? हंगाम सरत आलाय, साहेब. पोटाचा सवाल हाय."

"लक्ष घालतो, ताई," साहेब म्हणाले. हे दोन शब्द ज्यानं कधी ऐकलेत, त्याला पुढचं सांगायला नको. सत्यजीतनं खांबाकडं बोट दाखवणाऱ्या साहेबांचा झकास फोटो काढला आणि ताफा धुरळा उडवत गेला. संध्याकाळी मेसेज आला. 'डीपी बदलला आहे. हा कसा वाटतो?' साहेबांच्या नंबरापुढं साहेब आणि डीपी, दोघं एकाच फोटोत झळकत होते.

"ब्येस दिसत्यात दोघं," सुलतानबी म्हणाल्या. "चला, उचला मिरच्या."

लोकांची अमानत किती दिवस ओसरीत ठेवणार? टेम्पो भरून दोघं खुटबावला गेली. तिथल्या ज्योतिबाच्या कांडपापुढं अर्धं राहू रांगेत उभं होतं, आणि रांगेच्या शेवटी, डोक्यावर पोतं घेऊन, गिरणीमालक अयुबभाई. लाजेनं मान वर होईना. पण ज्योतिबानंच विचारलं, "भाई, साहेब सोता दारात आले म्हणं? जमवलं कसं?"

झालं! अयुबभाईंची मान ताठ झाली. "त्याचं कसं हाय ज्योतिबा, थोडक्यात बोलायचं..."

बाहेर फट्टकन आवाज झाला. मशीन घरघरत थांबलं, पंखा थांबला. दोन गावांच्या मिरच्यांचा भार खुटबावच्या डीपीला सोसला नव्हता. अयुबभाईंनी पोतं खाली ठेवलं, घसा खाकरला आणि गंभीरपणे खिशात हात घातला.

"भाई!" ज्योतिबा मशीनवरून उडी मारून आला आणि त्यानं तो हात धरला. "तुमच्या पाया पडतो. अंधारात बसू, पर तुम्ही मेसेज करू नका!"