बदली कोंबडी

सकाळचा भोंगा झाला आणि मालनची कोंबडी अंड्यांवरून उठली. तिचा नवरा गणपतही त्याच भोंग्याला गिरणीतल्या पाळीवर निघाला होता. दोघं खुराड्यापाशी समोरासमोर आले आणि गणपतने तिला परत आत लोटायला हात पुढे केला. कोंबडी मात्र अंग झाडून निवांत अंगणात गेली.

अंडी साधी नव्हती. मालनच्या आईच्या कोंबड्या उघड्या मानेच्या, साऱ्या गावात तशा दुसऱ्या नव्हत्या. आई गेली, घर बंद करताना भाऊ लवूने कोंबड्या वाटून टाकल्या आणि राहिलेली अंडी भाताच्या तुसात घालून बहिणीला आणून दिली. आईचं म्हणून मालनजवळ आता तेवढंच होतं. तिने आपली खुडूक कोंबडी चाळीमागच्या खुराड्यात त्यांच्यावर बसवली आणि दोन वेळा नमस्कार केला.

पण तेव्हा लालबागचं घड्याळ म्हणजे गिरणीचा भोंगा. गणपत निघाला की मालन कोंबडीला कण्या टाकायची, तो आला की पुन्हा टाकायची. त्या बिचारीला वाटे, जग असंच चालतं. सकाळच्या भोंग्याला ती उठे ती थेट संध्याकाळच्या भोंग्याला परते. दिवसभर अंडी गार पडत. पहिल्या दिवशी मालनने त्यांच्यावर स्वतःचं लुगडं पांघरलं आणि रडत बसली.

"बदली घेऊया," गणपत म्हणाला.

हे त्यालाच सुचायचं. गिरणीत कायमचा कामगार आला नाही की फाटकावर उभ्या असलेल्या बदलीला आत घेत, आणि गणपत कित्येक वर्षं असा फाटकावर उभा राहत आला होता. बदली कोंबडीही समोरच होती. चार दारं पलीकडच्या बकुळाची कोंबडी खुडूक होऊन अंडी द्यायची थांबली होती, पण बकुळाला पिल्लं नको, अंडी हवी होती. म्हणून खुडूक मोडायला ती कोंबडीला नळाखालच्या बादलीत बुडवून काढायची. शिमग्याला अशीच बुडवली तेव्हा बादली निघाली मालनची. तेव्हापासून दोघींचं बोलणं बंद होतं.

"तिच्या दारात मी पाय ठेवणार नाय," मालनने बजावलं.

शेवटी गणपतच गेला. बकुळाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. "न्या भावजी. पण संध्याकाळी माझी कोंबडी माझ्या घरात पाहिजे. परक्या घरात निजायची सवय मी तिला लावणार नाय."

बदली आली आणि जन्माची हौस असल्यासारखी अंड्यांवर पसरली. पंचाईत झाली ती संध्याकाळी. भोंगा झाला, कायमची म्हणजे मालनची कोंबडी परत आली, तरी बदली उठेना. गिरणीत बदलीला उठवायला जॉबरची, म्हणजे मुकादमाची, नुसती नजर पुरायची, इथे गणपतच्या मनगटातून रक्त निघालं. हा पाळीबदल बघायला रोज चाळ जमू लागली. हळूहळू दोन्ही कोंबड्या शिस्तीला आल्या.

अंडी फुटायला आली आणि मुंबईसह महाराष्ट्रासाठी हरताळ पडला. गिरण्या बंद, भोंगा नाही. मालनची कोंबडी उठलीच नाही. बदली मात्र आपल्या पायाने आली आणि खुराड्याच्या दाराशी ताटकळत राहिली. गणपतला ते बघवेना.

"जा बाये घरी," तो तिला म्हणाला. "आज काम नाय."

घोषणा देऊन घसा बसवून तो संध्याकाळी परतला, तेव्हा खुराड्यातून चिवचिव येत होती. मालनच्या ओंजळीत उघड्या मानेचं पहिलं पिल्लू होतं. "आये, बघ गो," एवढंच ती म्हणत होती.

दुसऱ्या दिवशी गिरण्या सुरू झाल्या. भोंगा झाला आणि कायमची कोंबडी पोरांना टाकून कण्यांकडे गेली. बदली आत शिरली, पंख पसरले, पिल्लं तिच्या पोटाखाली गेली. संध्याकाळी अटीप्रमाणे ती बकुळाच्या घरी निघाली आणि तिच्यामागून सगळी पिल्लं. मालनने ती उचलून परत आणली तर त्यांनी ओरडून चाळ डोक्यावर घेतली, आणि कायमची त्यांना टोचायला धावली. शेवटी गणपत ती बकुळाच्या पदरात घालून आला. कालच तो मुंबई कोणाची हे साऱ्या परळला ओरडून सांगत होता. आज पिल्लं कोणाची म्हणून बायकोने विचारलं तर तो कायमचीला कण्या टाकायला उठला.

दोन दिवस मालन आपल्या दारातूनच पिल्लांची चिवचिव ऐकत राहिली. तिसऱ्या दिवशी तिने वाटीभर कण्या घेतल्या आणि बकुळाच्या दारात जाऊन उभी राहिली. बकुळाने पाट सरकवला.

"बस गो. तुझीच आहेत ती."

"माझ्या आईची आहेत," मालन म्हणाली आणि पाटावर बसली.

"मग आईकडे आलीस असं समज."

तेव्हापासून रोज संध्याकाळी मालन माहेरी जाऊ लागली, चार दारं ओलांडून. गणपत भोंग्याला घरी येई तेव्हा चूल थंड असे आणि उंबऱ्यावर कायमची कोंबडी वाट बघत असे. तो तिला कण्या टाकी, आणि मग दोघं मालनची वाट बघत बसत.