दोन वड्यांचा तह

॥ जिव्हा आवरो, हृदय तरो, लिहिणाराचा हात न कांपो ॥ शके सोळाशें एक्याण्णव, माघ शुद्ध पंचमी, ते दिवशीं नदीकांठीं दोन राज्यांचा तह जाहला, आणि आम्ही तेथें तबक धरून उभे होतों, म्हणोन डोळां देखिलें तेंच लिहितों. बारा वर्षें उभय राजे एकमेकांचीं पिकें जाळीत होते, आणि जाळतां जाळतां दोघेही दमले, मग तह ठरला. परंतु चाल ऐशी कीं राजांनीं एकमेकांचें तोंड गोड केल्याविना तह पुरा होत नाहीं. येथेंच घोडें पेंड खातें जाहलें! कां कीं आमचे महाराजांस मधुमेह, आणि हें दुखणें शत्रूस कळूं द्यावयाचें नव्हतें.

तेव्हां मुदपाकखान्याचे कारभारी त्र्यंबकपंत धांवत आले आणि फिरंगी सौदागराचा चॉकलेट नामें काळ्या वड्यांचा पेटारा पुढें ठेवून बोलिले, "महाराज, फत्ते! यावर लिहिलें आहे, साखर नाहीं. आतां शेरभर खावें!" महाराजांनीं तीन वर्षें लाडवास दुरूनच मुजरा केला होता, त्यांचा आनंद काय वर्णावा! एक वडी उचलली, दुसरी उचलली, मग चळतच उचलली, तोंच वैद्यीण साखराबाई आल्या. नांव साखराबाई, आणि राजवाड्याची साखर त्यांनींच बंद केलेली! बाईंनीं वेष्टण उलटें करून मुंगीएवढा मजकूर वाचला आणि कडाडल्या, "पंत, दर्शनी बाजू वाचलीत, पाठ कोण वाचणार? साखर काढली, पण लोणी तैसेंच आहे! मधुमेह्याचें हृदय आधींच वेढ्यांत, त्यांत हें शेरभर घालतां?" महाराज हिरमुसून पुसते जाहले, "मग स्निग्ध तेवढें सारेंच वैरी काय?" बाई हांसल्या. "नव्हे महाराज. शेंगदाणे, तीळ, मासळी यांतलें स्निग्ध आपले पक्षाचें, तेंही बेतानें. लोणी-तूप फार जाहलें कीं फितूर होतें. खावयाचीच तर पेटाऱ्याच्या तळाशीं ही दुसरी, कडू जातीची वडी आहे, ती घ्यावी. हींतही थोडी साखर आहे, लोणी आहे, म्हणोन दोनच, जेवणाअंतीं, आणि भात तितका कमी. मात्र चोरून नव्हे, चवीनें." महाराज गर्जले, "दोन तर दोन!"

मग डेऱ्यांत पंगत जाहली आणि महाराजांनीं आपल्या हातें कडू वडी पलीकडच्या राजांपुढें धरिली. राजे तोंड उघडीनात! वडीकडे पाहात, आवंढा गिळीत, आणि ओंठ घट्ट. "विष! दगा!" म्हणोन त्यांचे सरदार ओरडले, आमच्यांनीं तरवारी उपसल्या, आणि आम्हीं तबकच ढालीसारखें पुढें धरिलें. तोंच साखराबाई मधें शिरल्या. पंगतींत त्या राजांनीं पांच वेळां पाणी मागितलें आणि पायाच्या अंगठ्यास पट्टी, हें त्यांनीं हेरिलें होतें. हळूच पुसिलें, "राजे, किती वर्षें?" राजांचे डोळे भरले. "सात. घरीं कोणास ठाऊक नाहीं, बाई. राजा आजारी कळलें तर दरबार उद्यांच वारस शोधील." हें ऐकतांच आमचे महाराज सारें राजकारण विसरून ओरडले, "अहो, आम्हांस तीन!" आणि उठोन कडकडून भेटले. तरवारी म्यान जाहल्या. महाराजांनीं त्यांस दोन वड्या भरविल्या, त्यांनीं महाराजांस दोन, आणि दोघे डोळे मिटून घोळवीत बसले, आणि दोन्हीं फौजा श्वास रोधून उभ्या. मग "वाहवा!" निघाली ती एकदमच, दोघांच्याही मुखांतून.

सारांश, बारा वर्षें तोफांस साधलें नाहीं तें कडू वड्यांनीं साधिलें. उरला पेटारा साखराबाईंच्या कुलपांत आहे, आणि पंत किल्लीची चौकशी करीत हिंडतात. बाई महिन्यांतून एकदां नदी उतरोन पलीकडच्या राजांचा पाय पाहून येतात. आणि दरसाल माघ शुद्ध पंचमीस पलीकडून जासूद येतो, हातीं दोनच वड्या, वेष्टणाची पाठ वर केलेली.