पंचेचाळीसचं रिव्हॉल्व्हर आणि हंबीरराव

हंबीररावांनी आयुष्यात एकदाच थाप मारली, आणि तीही तोंडाने नाही, मानेने. एकतीस वर्षांपूर्वी ते तंजावरला मुलगी बघायला गेले, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी विचारलं, "नोकरी मद्रासजवळ, आवडी गावाला? म्हणजे रणगाड्यांच्या कारखान्यात का?" तोंडात गरम केसरी, म्हणजे तिकडचा शिरा, होता. बोलता येईना, म्हणून त्यांनी नुसती मान हलवली. संपलं! तेव्हापासून अख्ख्या सासरी ते तोफा-बंदुकांतले जाणकार झाले. प्रत्यक्षात त्यांच्या कारखान्यात जवानांचे गणवेश शिवत, आणि हंबीरराव पस्तीस वर्षं बटणं, टीप आणि पट्टे तपासत. (नाव मात्र हंबीरराव. आईवडिलांनी तरी जरा विचार करायचा!)

ही एक थाप सांभाळता सांभाळता माणूस पार थकला. दर खंडेनवमीला सासरची मंडळी आवडीला यायची, आणि आयुधपूजेच्या पाटावर हंबीरराव तोफगोळ्याचं पितळी टरफल मांडायचे. जुन्या बाजारात घेतलेलं. "आमच्याकडचं," एवढंच म्हणायचे आणि लगेच पाणी प्यायला आत जायचे. बायको, विजयलक्ष्मी, त्यावर निमूटपणे फूल वाहायची.

रिटायर झाल्यावर सुटलो असं त्यांना वाटलं. तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. एकोजी तंजावरजवळ नारळाच्या बागेत एकटाच राहायचा.

"दाजी, लायसन्स आलं! चेन्नईच्या एका दुकानात जुनं रिव्हॉल्व्हर बघितलंय, पंचेचाळीस बोर. तुम्ही नजर टाका, मग घेतो."

"अरे, माझे गुडघे दुखतात."

"बंदूक हातानेच बघायची असते ना दाजी?"

हंबीररावांनी आशेने बायकोकडे पाहिलं. "जा की," ती भाजी चिरत म्हणाली. "एवढा जाणकार घरात असताना दादानं परक्याला विचारायचं?"

चहा गार होईपर्यंत ते मोबाइलवर रिव्हॉल्व्हर वाचत बसले. त्यातला 'सिलिंडर' हा एकच शब्द ओळखीचा निघाला, तोही गॅसमुळे. इतक्या वर्षांची अब्रू आता एका दुकानात जाणार, या विचाराने त्यांना दुसरा चहासुद्धा गेला नाही.

शेवटी दोघं चेन्नईच्या त्या दुकानात पोचले. दुकानदार वेंकटने फडक्यातून रिव्हॉल्व्हर काढून हंबीररावांच्या हातात दिलं. हात कोपरातून खाली आला.

"वजन आहे," हंबीरराव म्हणाले. (हे मात्र अगदी खरं होतं.)

"बघितलंत? हातात घेताच सांगितलं!" एकोजी वेंकटला म्हणाला.

"गोळ्या कुठल्या देऊ, सार?" वेंकटने एक ट्रे पुढे केला. "हे नमुने आहेत. आत दारू नाही, नुसते मापाला."

ट्रेमध्ये काही जाड, मळकट गोळ्या होत्या आणि काही बारीक, लखलखीत. हंबीररावांनी बारीक उचलल्या. "या द्या. फिनिशिंग चांगलं आहे."

"सार, त्या..."

"मला शिकवू नका हो. पस्तीस वर्षं डिफेन्समध्ये काढलीत."

वेंकटने बिचाऱ्याने सिलिंडर बाहेर काढून दिला. हंबीररावांनी सहा गोळ्या आत सोडल्या. "बघ एकोजी, किती अलगद जातात!" असं म्हणून त्यांनी रिव्हॉल्व्हर रुबाबात खाली झुकवलं, तशा सहाच्या सहा गोळ्या पुढच्या बाजूने निघाल्या आणि टण टण करत फरशीवर पडल्या.

"त्या बत्तीस बोरच्या आहेत, सार," वेंकट हळूच म्हणाला.

हंबीरराव गुडघे धरून खाली बसले आणि गोळ्या वेचू लागले. आता वर उठूच नये असं त्यांना वाटत होतं. तेवढ्यात काउंटरवरून लोंबणारा रिव्हॉल्व्हरचा पट्टा अगदी डोळ्यांसमोर आला.

"हा कुणी शिवला?" ते एकदम कडाडले. "वरचा दोरा वेगळा, खालचा वेगळा! जिथे ताण येतो तिथे दुहेरी टीप नको? हे बटण बघा, नखाने निघतंय! एवढं वजन हा पट्टा आठ दिवस पेलणार नाही. बसमध्ये तुम्ही चढाल आणि रिव्हॉल्व्हर स्टॉपवर राहील!" दहा मिनिटं ते न अडखळता बोलले. मग आपण काय बोलून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं, आणि ते पुन्हा गोळ्या वेचू लागले.

"सरी, ठीक आहे," एकोजी शांतपणे म्हणाला. "आता नवा पट्टा तुम्हीच शिवून द्या दाजी. त्यासाठीच आणलं तुम्हाला."

"आणि रिव्हॉल्व्हर? गोळ्या?"

"ते मागेच एका रिटायर्ड सुभेदाराला दाखवून ठरवलंय. विजीनं पहिल्या दिवाळीलाच घरी सगळं सांगितलं होतं. बाबा म्हणाले, जावई मान हलवतोय ना, हलवू दे."

हंबीरराव स्टुलावर बसले. "अरे, एकतीस वर्षं भीतीनं अर्धा झालो मी! एकानं तरी सांगायचं!"

"आम्हाला वाटलं, तुम्हाला आवडतंय."

त्या खंडेनवमीला विजयलक्ष्मीने पाटावर मधोमध हंबीररावांची कात्री आणि टेप मांडली, दोन्हींना ठसठशीत कुंकू लावलं. शेजारी नव्या पट्ट्यात रिव्हॉल्व्हर होतं. हंबीररावांना खूप वर्षांनी हलकं वाटलं.

"अगं, पण माझं तोफगोळ्याचं टरफल कुठे गेलं? ते तरी खरं आहे."

"ते होय?" विजयलक्ष्मी म्हणाली. "अहो, ती फुलदाणी आहे. दर वर्षी मीच घासते ना, खाली भांड्यांच्या दुकानाचा शिक्का आहे."