दोन फुटी ताठा

"आज साहेबांना तोंडावर 'नाही' सांगून येतो की नाही, बघच तू!" ड्राफ्ट्समन काकांनी सकाळी सकाळी बायकोसमोर छाती ठोकली.

ठोकली खरी, पण छाती होती कुठे? तीस वर्षं नकाशांच्या टेबलावर ओणवं राहून माणूस पार विळा झालेला! ऑफिसात नावच मुळी 'विळेकाका'. आणि स्वभावही पाठीसारखाच. कुणी काही सांगा, हे मान तुकवून मोकळे. पण आता प्रश्न बदलीचा होता. लांबच्या शाखेत कुणाला तरी पाठवायचं ठरलं होतं, त्यासाठी साहेबांनी आज काकांनाच बोलावलं होतं, आणि इकडे काकूंच्या गुडघ्याचं ऑपरेशन पंधरा दिवसांवर आलेलं. घरात दोघंच. काका गेले तर काकूंना उठवणार-बसवणार कोण?

"अहो, पाठ वाकली की मन पण वाकतं," काकू म्हणाल्या. "ताठ उभं राहिलं की धीर आपोआप येतो. आमच्या व्यायामाच्या बाई सांगतात."

"पण पाठ राहायला हवी ना ताठ!"

मग काकांनीच तोडगा काढला. नकाशे आखायची दोन फुटी पोलादी पट्टी शर्टाच्या आतून पाठीला लावली, आणि काकूंनी आपल्या गुडघ्याचं क्रेप बँडेज वरून गच्च आवळलं. काय सांगू तुम्हाला, काका घरातून निघाले ते सेनापतीसारखे! आणि धीरही आला हो, खोटं कशाला बोला? रोजच्या रस्त्यावरच्या दुकानांना पाट्या आहेत, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

साहेबांच्या केबिनमध्ये मात्र पट्टीने आपले रंग दाखवले.

"बसा."

काका बसायला गेले. पट्टीचं टोक कमरेत असं रुतलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले! "उभाच बरा आहे," ते दात आवळून म्हणाले.

साहेब चपापले. त्या गडबडीत त्यांच्या हातून फाईल पडली. एरवी काकांनी ती जमिनीला टेकायच्या आत झेलली असती. आज? फाईल पायाशी, काका खांबासारखे, नजर समोर! साहेबांनी वाट पाहिली. आणखी वाट पाहिली. शेवटी साहेब स्वतः उठले, टेबलाला वळसा घालून आले, वाकले आणि फाईल उचलली. संपलं! बदली राहिली बाजूला, आता नोकरीच जाते!

"कमाल आहे तुमची!" साहेब धापा टाकत म्हणाले. "त्या शाखेतले लोक भारी आडमुठे. तिथे असाच, कुणापुढे न वाकणारा माणूस हवा! प्रमुख म्हणून जाल? सोमवारी?"

काकांनी खोल श्वास घेतला. छाती भरून आली. आणि आवाज असा घुमला की बाहेर टायपिस्टबाई दचकून उभ्या राहिल्या.

संध्याकाळी काकूंनी दारातच गाठलं. "मग? बोललात का ठणकावून?"

"ठणकावून म्हणजे? जन्मात कधी एवढं ठासून बोललो नव्हतो गं!" काका मान खाली घालून पुटपुटले. "पण... नेमकं 'हो' म्हणालो."