पवित्र गुरुवारची मेंदी

कडुबाचं एकदा ठरलं की ठरलं. या वर्षी पवित्र गुरुवारी बारा जणांचे पाय धुतले जातील, त्यांत सगळ्यांत स्वच्छ पाय कडुबाचे असतील. फादरनी तांब्या उचलावा, पाय पाहावेत आणि मनात म्हणावं, इथं पाण्याची गरजच नाही.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगायला हवं. येशूने मरणाच्या आदल्या संध्याकाळी आपल्या शिष्यांचे पाय स्वतःच्या हातांनी धुतले. त्याची आठवण म्हणून त्या गुरुवारी चर्चमध्ये फादर बारा साध्या माणसांचे पाय धुतात. मोठ्याने लहानापुढं वाकावं, एवढाच त्याचा अर्थ. वाकणाऱ्यावर दरवर्षी प्रवचन होतं. ज्याचे पाय धुतले जातात त्याची काय गत होते, यावर आजवर कुणी एक शब्द बोललेलं नाही.

कडुबाचे पाय म्हणजे उन्हाळ्यातली काळी जमीन. चिकलठाण्याच्या कारखान्यात सगळी नोकरी मशीनपुढं उभ्यानं झाली, त्याची कमाई टाचांवर उमटली होती. एकेका भेगेत ज्वारीचा दाणा सहज मावला असता. वच्छला होती तोवर जेवणं आटोपली की ती तेलात मेण वितळवून आणायची आणि म्हणायची, "आना इकडं ती नांगरट." गेल्या पावसाळ्यात वच्छला गेली. तेव्हापासून नांगरट तशीच पडून होती.

चर्चमध्ये तो शेवटच्या बाकावर बसायला लागला. भेटणारे आधी तोंडाकडं बघायचे, मग शर्टाच्या कॉलरकडं, मग पायांकडं, आणि मान हलवायचे. "बायकू गेली का बाप्याचं आसंच व्हतं." कडुबाला हे बोलणं टोचायचं. त्याला वाटायचं, यात बोल वच्छलालाच लागतो. जणू जाताना ती दार उघडं टाकून गेली.

म्हणून फादर सत्यम घरी येऊन म्हणाले, "काका, गुरुवारी बारा जणांत तुम्ही बसा," तेव्हा कडुबा आधी घाबरला आणि मग त्याने मनात बेत केला. सगळ्या चर्चने बघावं. वच्छलाचा माणूस कसा टापटीप आहे ते एकदाच बघून घ्यावं.

बुधवारी दुपारी अंगणातल्या कडुनिंबाखाली बाज टाकून तो गरम पाण्याच्या बादलीत पाय सोडून बसला. शेजारच्या गौहरआपा भिंतीवरून डोकावल्या. दोन्ही घरांच्या मधे एक कमरेएवढी भिंत होती, आणि ती फक्त वाटीभर काहीतरी ठेवायला उपयोगी पडायची.

"कडुबाभाई, ये क्या पकारे?"

"पाय."

"वो तो फादर धोने वाले हैं बोले ना तुम?"

"व्हय."

"फिर तुम कायको धोरे?"

कडुबाने थोडा विचार केला. "आपा, भांडेवाली यायची आसली तरी आपन खरकटं काढून ठिवतोच का नाय?"

आपांना हे पटलं. त्यांनी भिंतीवरून आणखी वाकून पाहिलं आणि तोंडाला पदर लावला. "या अल्ला. ये पानी से नै जाते. इसकू मेंदी होना. धूप की आग भी खींच लेती, दरारें भी भरती. ईद के कोन पडे हैं घर में. शाइस्ता कू बोलती मैं."

"बायामानसांचं काम हाय ते."

"तलवे कू कौन देखता? चप्पल देखती बस."

कडुबाने नुसती मान डोलावली. खरं म्हणजे त्याला झोप येत होती. उपवासकाळात त्याने चहा सोडला होता, आणि चहा सोडल्यापासून तो अर्धा जागा आणि अर्धा झोपेत वावरत होता. रस्त्याने जाताना झाडं त्याला जरा लांब वाटायची. प्रार्थना म्हणायला बसला की मधल्याच कुठल्यातरी ओळीवर तो हरवायचा आणि थेट आमेनला बाहेर निघायचा. पाणी कोमट होत गेलं. निंबाचा मोहर बादलीत पडत राहिला. त्याने पाय बाहेर काढले आणि बाजेवर आडवा झाला.

स्वप्नात तो वैजापूरकडच्या सासुरवाडीच्या कांद्यात उभा होता. पाणी नुकतंच वाफ्यात शिरलं होतं. पाय गार चिखलात रुतत होते आणि त्याला फार बरं वाटत होतं. पुढच्या वाफ्यात वच्छला पाठमोरी उभी होती, पायानेच माती ओढून पाणी वळवत होती. तो म्हणाला, "वच्छे, किती गार लागतंय गं." ती वळली नाही. म्हणाली, "हलू नगा. पाणी फुटंल." म्हणून तो हलला नाही. पाणी तळव्यांवरून, बोटांमधून, वर घोट्याकडं सरकत गेलं. त्याला वाटलं, असंच उभं राहावं. संध्याकाळ झाली तरी चालेल.

संध्याकाळच झाली होती. तो उठला तेव्हा पायांवर हिरवट काळा लेप सुकून कडक झाला होता आणि आपांची लेक शाइस्ता भिंतीपलीकडं वाळलेले कपडे काढत होती. ती जवळच्या शाळेत मुलांना शिकवायची आणि मराठी छान बोलायची.

"काका, हलला नाहीत अजिबात. असं शहाणं गिऱ्हाईक ईदलाही मिळालं नाही मला. तळवे भरून काढलेत. पण नुसते तळवे बोडके दिसतात ना, म्हणून वर एक एक टिक्की काढली. आवडली?"

कडुबाने पाय पाहिले. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूला, अगदी मधोमध, बंद्या रुपयाएवढा एकेक गोल होता.

"लई झ्याक हाय, पोरी," तो म्हणाला. पोरीने एवढ्या मायेने केलेलं, दुसरं काय म्हणणार.

लेप धुतल्यावर रंग फिका केशरी होता. कडुबा निश्चिंत झोपला. मेंदीचा रंग रात्रीतून चढतो ही गोष्ट जगातल्या प्रत्येक बाईला ठाऊक असते, आणि घरात सांगायला बाई राहिलेली नव्हती.

गुरुवारी सकाळी तळवे विटेसारखे लाल होते आणि टिक्क्या गडद तांबड्या. कडुबाने लिंबू चोळलं. मग खायचा सोडा चोळला. मग दोन्ही एकत्र चोळलं, ते फसफसलं, पण टिक्की जागची हलली नाही. शेवटी त्याने वजरी घेतली आणि टाच घासावी तसं पावलाच्या मधोमध घासत बसला. गोलाची कड फाटली, भोवतालची कातडी सोलवटून लाल झाली. आधी ती नक्षी होती. आता ती जखम दिसायला लागली.

ताप आला म्हणून सांगावं, असं त्याने ठरवलं. तेवढ्यात दारात गोकुळ उभा. गोकुळ म्हणजे वच्छलाचा धाकटा भाऊ. वैजापूरहून पहिल्या एसटीने आला होता, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून.

"दाजी, आयकलं तवापून झोप नाय मला. बारा जनांत तुम्ही. आक्का आसती तर पयल्या बाकावर बसली आसती का नाय?"

"बसली आसती."

"मंग तिच्या जागंवर म्या बसतो."

आता ताप येणं शक्य नव्हतं. कडुबाने मोजे चढवले. एप्रिलच्या उन्हात, वरून बूट.

"दाजी, मोजे?"

"थंडी वाजती."

गोकुळने सूर्याकडं पाहिलं. दाजी दुःखात आहेत, असं त्याने धरून चाललं होतं.

संध्याकाळी चर्च भरलं होतं. वेदीपुढं बारा खुर्च्या. पंखे हळूहळू फिरत होते आणि पश्चिमेच्या खिडकीतून पिवळा उजेड आत येत होता. एकेकाने चपला, मोजे काढले. कडुबाने सगळ्यांत शेवटी काढले आणि टिक्क्या झाकायला पायावर पाय चढवला. झाकायच्या नादात पाऊल तिरपं झालं आणि तळवा बायकांच्या बाकांकडं वळला.

तिकडं आवडाबाई बसल्या होत्या. त्यांना ऐकायला कमी यायचं, म्हणून त्या बोलायच्या मोठ्यानं. दिसायला मात्र घारीसारखं दिसायचं.

"अगं, कडुबाच्या पायाला मेंदी," त्या शेजारणीच्या कानात म्हणाल्या, आणि हे कुजबुजणं पार गायनमंडळाच्या पेटीपर्यंत गेलं.

पुढचं सगळं बाकाबाकाने सरकत आलं. मेंदी लावली म्हणजे हळद लागली. हळद लागली म्हणजे ईस्टर झाल्यावर लग्न. नवरी कोण यावर दोन मतं पडली. पहिल्या बाकापर्यंत बातमी पोचली तेव्हा नवरी वैजापूरचीच ठरली होती. गोकुळने ती ऐकली. त्याने दाजींकडं पाहिलं, मग त्यांच्या तळव्याकडं, आणि मान फिरवून थेट भिंतीकडं बघत बसला. त्याचा इस्त्रीचा सदरा एकदम मोठा झाल्यासारखा दिसायला लागला.

कडुबाला ते दिसलं. वच्छलाला बोल लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, आणि तिचा भाऊ आता समजत होता की वर्ष सरायच्या आत दाजी तिला विसरले. खुर्चीवरून ओरडून सांगावं तर गायन चालू. त्याने गोकुळकडं बघून मान हलवली. गोकुळला ती होकारार्थी वाटली.

फादर सत्यम एकेक करत जवळ आले. सिस्टर परात आणि टॉवेल घेऊन मागं. फादर कडुबापुढं गुडघ्यावर बसले, उजवा पाय हातात घेतला आणि थांबले. मग डावा पाय पाहिला. दोन्ही पावलांच्या बरोबर मधोमध तांबडी, सोलवटलेली खूण. पवित्र गुरुवार. उद्या शुभ शुक्रवार, येशूला क्रूसावर खिळल्याचा दिवस. फादर तरुण होते, पहिलंच गाव होतं. सिस्टरनी परात खाली ठेवली आणि क्रूसाची खूण केली.

"खिळ्यांच्या खुणा," कुणीतरी पुटपुटलं.

गायन मधेच थांबलं. लोक उठून उभे राहिले. लग्नाची बातमी आली त्याच वाटेने परत गेली आणि तिच्या जागी चमत्कार आला. गोकुळ पहिल्या बाकावरून उठला, आणि फादरच्या शेजारी गुडघे टेकून डोळ्यांत पाणी आणून म्हणाला, "दाजी, माफ करा. म्या काय बी मनात आनलं व्हतं."

कडुबा खुर्चीवर बसून होता. सगळं पुन्हा लांबचं वाटायला लागलं, झाडं वाटायची तसं. उजेड पिवळा होता. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच कुणी त्याच्याकडं कीव करून बघत नव्हतं. गोकुळचा चेहरा वच्छलासारखा होता, हसायच्या आधीचा. नुसतं गप्प बसायचं होतं. कुणाला खोटं सांगायचंही नव्हतं. चमत्कार म्हटलं की लग्न नाही. आणि मेंदी म्हटलं की...

पण ज्याच्या नावाने हे पाणी आणलं होतं, त्याच्या खुणा आपल्या पायावर मिरवायच्या, हे काही त्याच्या घशाखाली उतरेना.

"फादर," तो म्हणाला, "उठा. मेंदी हाय ती."

"मेंदी?"

"शेजारच्या शाइस्तानं काढली. टिक्की म्हंत्यात. म्या झोपलो व्हतो. मंग सकाळी वजरीनं घासली."

फादरनी मान खाली घातली. त्यांचे खांदे हलत होते. रडतात की हसतात ते मागच्यांना कळलं नाही. पुढच्यांना कळलं.

गोकुळ मात्र हसत नव्हता. तो गुडघ्यांवरच राहिला आणि हळूच म्हणाला, "मेंदी कुनाच्या नावाची, दाजी?"

"तुझ्या बहिणीच्या."

"खरं सांगा."

"ती तेल लावायची टाचंला. ती गेली, मंग कुनी लावंना. लोक म्हनायचे, बायकू गेली आन मानसाची माती झाली. मला वाटलं, तिला कशाला बोल. एकदा पाय चांगले दिसावं सगळ्यांला. तर हे आसं झालं, गोकुळ."

गोकुळने दाजींच्या टाचेच्या भेगेवरून बोट फिरवलं.

"मला फोन नाय करायचा?" गोकुळ म्हणाला. "म्या काय मेलतो? म्या येऊन लावलं आसतं तेल." आणि त्याला राग आला की माया आली कुणास ठाऊक, त्याने उठून कडुबाचा उजवा कान धरला आणि पिळला. चांगला लाल होईस्तोवर पिळला. बहिणीला नीट सांभाळा म्हणून मांडवात पिळला होता तसाच. "आता सोताला नीट सांभाळायचं. कळलं का?"

"कळलं. सोड."

फादरनी तांब्या तिरका केला. पाणी गार होतं. ते टिक्कीवरून, भेगांमधून, परातीत उतरलं, आणि कडुबाने पाय मागं घेतला नाही. टॉवेल गोकुळने सिस्टरच्या हातातून घेतला आणि एकेक भेग टिपत दाजींचे पाय पुसले.

बायकांच्या बाकांवर कुणी डोळे पुसत होतं. आवडाबाईंना यातला एकही शब्द ऐकू आला नव्हता, पण दिसलं सगळं होतं. त्या शेजारणीकडं वळल्या आणि शांत झालेल्या चर्चमध्ये म्हणाल्या,

"मेंदी झाली, पाय धुतले, मेव्हण्यानं कान बी पिळला. आता जेवन कुठं ठिवलंय, तेवढं इचारा."