कॉम्प्युटरमधल्या अक्षता

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी राजीव बोकारेने गॅरेजचं दार वर ढकललं. मलावीतल्या एका शाळेसाठी वर्षभर खपून जमवलेले, पुसलेले, तपासलेले सगळे कॉम्प्युटर जागच्या जागी होते. फक्त प्रत्येक मॉनिटरवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती, वर एकेक झेंडू होता आणि जिथे म्हणून फट दिसेल तिथे कुंकवात घोळलेल्या अक्षता होत्या.

"आई!"

आई स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली. नागपूरहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्यापासून लंडनमधल्या स्टॅनमोरच्या त्या घरात तिने काहीही बिनपूजेचं राहू दिलं नव्हतं.

"काय ओरडून राहिला सकाळी सकाळी? काल तू ऑफिसला गेलास, म्हणून मीच करून टाकली. दसऱ्याला शस्त्रांची पूजा करतात ना? तुझी शस्त्रं हीच."

"अगं, ही आज आफ्रिकेला निघालीत!"

"मग तर बरंच झालं. इतक्या लांब जाणाऱ्याला काय तसंच पाठवायचं?"

राजीवच्या बायकोने, मीनलने, एक मशीन वाकून पाहिलं. "आई, फ्लॉपीच्या फटीतसुद्धा टाकल्यात तुम्ही?"

"तिथे छान जागा होती," आई म्हणाली.

राजीवच्या तोंडचं पाणी पळालं होतं, त्याला कारण पामेला. 'ब्लॅकबोर्ड टू ब्रॉडबँड' नावाची जी संस्था जुने कॉम्प्युटर दुरुस्त करून आफ्रिकेतल्या शाळांना पाठवायची आणि तिथे इंटरनेटही पोचवायची, तिचं मिल्टन कीन्सचं गोदाम पामेला चालवायची, आणि आज माल न्यायला ती स्वतः येणार होती. कीबोर्डमध्ये सँडविचचा चुरा सापडला म्हणून एका गृहस्थाचा सगळा माल तिने रस्त्यातूनच परत पाठवला होता. इथे तर अख्खा तांदूळ होता. तिकडे मलावीत लिंबे गावच्या मुख्याध्यापिका मिसेस फिरी यांनी वर्गाच्या छपरावर सॅटेलाइट डिश बसवून घेतली होती, बाकं रंगवली होती, आणि मुलं रोज विचारत होती, की कॉम्प्युटर कधी येणार. हा कंटेनर हुकला तर पुढचा थेट उन्हाळ्यात. राजीवने त्यांना शब्द दिला होता, आणि घर विकत घेतल्यापासून अर्धवट पडलेल्या गोष्टींची यादी मीनलला तोंडपाठ होती. हे एक तरी काम त्याला तडीस न्यायचं होतं.

मग काय, तिघांची धावपळ सुरू झाली. मीनलने ओल्या फडक्याने कुंकू पुसलं, तर ते आणखी पसरलं. राजीवने अक्षता ओढून घ्यायला हूवर लावला. तो झेंडू गिळून ठसकला आणि बंद पडला. तेवढ्यात दारात व्हॅन थांबली, कारण पामेला ठरल्या वेळेच्या आधी येण्यालाच वेळेवर येणं समजायची.

तिने पहिलंच मशीन उचललं. आतून खुळखुळ आवाज आला. तिने ते वाकडं केलं, तशा दहा-बारा गुलाबी अक्षता तिच्या बुटावर पडल्या.

"राजीव, हा तांदूळ आहे का?"

राजीव आयुष्यात फारसा खोटं बोललेला नव्हता. त्यामुळे थांबावं कुठे, हे त्याला ठाऊक नव्हतं.

"हो. ओल शोषून घेतो. समुद्राचा प्रवास, दमट हवा... आमच्याकडची जुनी पद्धत आहे."

मीनलने डोळे मिटून घेतले.

"माझी आजी मिठाच्या भांड्यात तांदूळ घालायची," पामेला सावकाश म्हणाली. "पण हा गुलाबी का आहे?"

"नंतर काढताना नीट दिसावा म्हणून."

"राजीव, हे फारच हुशारीचं आहे!"

राजीवचा जीव भांड्यात पडला, पण तिथे फार वेळ टिकला नाही. पामेलाने लगेच गोदामात फोन लावला. कंटेनरमधल्या सगळ्याच मशीन्समध्ये असा तांदूळ घालायचा, छोट्या पुरचुंड्या बांधून. आणि हे शिकवायला शनिवारी राजीवने त्याच्या आईला घेऊन यायचं.

"काय म्हणून राहिली ती?" आईने विचारलं.

"तुला सगळ्या कॉम्प्युटरची पूजा करायला बोलावलंय," राजीव मेल्या आवाजात म्हणाला.

"मला वाटलंच होतं," आई म्हणाली. "बाई समजूतदार दिसते."

शनिवारी मिल्टन कीन्सचे सगळे राउंडअबाउट पालथे घालून ते गोदामात पोचले. तिथे निवृत्त इंग्रज स्वयंसेवक रांगेत उभे होते. आईने कार्डिगनवर पदर खोचला आणि ताबा घेतला.

"त्यांना सांग, आधी पायातले काढा."

"बूट काढा," राजीव इंग्रजीत म्हणाला. "स्टॅटिक येतं ना, मशीनला चालत नाही."

"तोंड पूर्वेकडे."

"त्या खिडकीकडे वळा. उजेड चांगला आहे."

"आणि उजव्या हातानेच टाका म्हणावं."

"डाव्या हाताने झाकण धरायचं, म्हणजे... उजवा मोकळा राहतो."

पामेला मान डोलावत होती. मोजे घातलेले, पूर्वाभिमुख इंग्रज भक्तिभावाने पुरचुंड्या सोडत होते. आई तोंडातल्या तोंडात पुटपुटत त्यांच्यामागून फिरत होती, आणि तिचा चेहरा असा फुलला होता, की तो बघून राजीवला आपलं खोटं क्षणभर विसरायलाच झालं.

कंटेनर गेला. नाताळ गेला. आणि एका रविवारी पामेला स्वतः बोकाऱ्यांकडे आली, कारण लिंबेची शाळा त्या दिवशी पहिल्यांदा इंटरनेटवर दिसणार होती. राजीवने वेबकॅम लावला. पडदा आधी काळा झाला, मग चौकोनी ठिपक्यांचा, आणि मग अचानक मिसेस फिरी हसताना दिसल्या. त्यांच्यामागे मुलांची झुंबड उडाली होती आणि प्रत्येक बाकावर राजीवच्या गॅरेजमधला एकेक कॉम्प्युटर चालू होता. काम तडीस गेलं होतं. मीनलने हळूच त्याचा हात दाबला.

"सगळे चालू आहेत!" मिसेस फिरी म्हणाल्या. "एकही बिघडलेला नाही."

"तांदळामुळे," पामेला अभिमानाने म्हणाली. "ओल शोषून घेतो."

"ओल?" मिसेस फिरी कॅमेऱ्याजवळ आल्या. त्यांची नजर कोपऱ्यात बसलेल्या आईच्या कपाळावरच्या कुंकवावर गेली आणि त्या खळखळून हसल्या.

त्या क्षणी राजीवने, ज्याने या शाळेत इंटरनेट पोचावं म्हणून वर्षभर जिवाचं रान केलं होतं, मनापासून देवाला विनवलं, की आता लाइन जाऊ दे. पण ती काही केल्या जाईना.

"लहानपणी आमच्या घरासमोर एका गुजराती शिंपीकाकांचं दुकान होतं," मिसेस फिरी सांगू लागल्या. "दरवर्षी एका सणाला ते शिलाई मशीनला कुंकू लावायचे आणि असेच तांदूळ वाहायचे. मी खोकं उघडलं आणि लगेच ओळखलं. त्या आजींना सांगा, तुमची पूजा पोचली. माझी एकच तक्रार आहे. काका आम्हा मुलांना नंतर गोडही द्यायचे. प्रसाद कुठे आहे?"

पामेला सावकाश राजीवकडे वळली.

"म्हणजे ओल नाही?"

"नाही."

"आणि बूट?"

"स्टॅटिक खरंच येतं," राजीव म्हणाला. "पण... नाही."

"पूर्व?"

राजीवने नुसतीच मान खाली घातली. आता आपली गच्छंती, असं त्याने मनाशी धरलं.

आईला त्या सगळ्या बोलण्यातला 'प्रसाद' एवढा एकच शब्द समजला होता, आणि तो पुरेसा होता. तिने आतून डबा आणला. एक रव्याचा लाडू कॅमेऱ्यासमोर धरून सगळ्या मुलांना दाखवला, तसा तिकडे एकच गलका झाला. मग तोच लाडू तिने पामेलाच्या हातावर ठेवला. पामेलाने तो पूर्ण खाल्ला. बोटं चाटली. घड्याळ पाहिलं.

"पुढचा कंटेनरही मलावीलाच आहे," ती म्हणाली. "त्यात या लाडवांचे डबे जातील. ते कशासाठी आहेत, असं बंदरावर कोणी विचारलं तर..."

"तर?" राजीवने धास्तावून विचारलं.

"ते तू सांग," पामेला दुसरा लाडू उचलत म्हणाली. "तुला सुचतं."