भागीरथाबाई पोटुशी नसतात

आंध्राच्या सीमेवरच्या बोथ गावाहून सुटणाऱ्या सकाळच्या बसमध्ये कंडक्टरने एका म्हाताऱ्या बाबाला जागेवरून उठवलं आणि ती जागा भागीरथाला देऊ केली. सगळ्या प्रकरणाला सुरुवात झाली ती इथून.

"लेवय्या, अम्मा कडुपुतो उंदि," कंडक्टर म्हणाला. म्हणजे, ऊठ रे बाबा, बाई पोटुशी आहे.

भागीरथा पुढच्या गावातल्या मराठी शाळेत शिकवायची. तेलुगू ती खात्याच्या परीक्षेसाठी रडतपडत शिकली होती, आणि त्या मेहनतीचा तिला पहिल्यांदाच पश्चात्ताप झाला. बाळंतपणाची रजा संपवून ती त्याच आठवड्यात कामावर रुजू झाली होती. तान्ही गौतमी घरी आजीच्या मांडीवर होती. पोट होतं, नाही असं नाही. पण ज्या पोटाने नुकतंच एक अख्खं माणूस वागवून जगात आणलं, त्याला पूर्ववत व्हायला थोडी सवड द्यायची की नाही? ब्लाउजच्या शिवणी उसवून झाल्या होत्या आणि साडीच्या निऱ्या पूर्वीइतक्या बसत नव्हत्या, हे तिला स्वतःला ठाऊक होतं. ते आंध्र सरकारच्या बसने जाहीर करायची गरज नव्हती.

"नेनु कडुपुतो लेनु," ती ठणकावून म्हणाली. मी पोटुशी नाही.

"सरे अम्मा, कूर्चो," कंडक्टर समजुतीने म्हणाला. बरं बाई, नाहीस, पण बस.

म्हातारा उभा, भागीरथा उभी आणि जागा रिकामी. मागच्या बाकावर घराशेजारच्या रुक्माबाई बसल्या होत्या, बाजाराला निघालेल्या. "बस नं बाई," त्या तिथूनच म्हणाल्या, "लाजाचं काय त्यात. असं उभं राह्यनं बरं नाई." तेवढ्यात रस्त्यात बैल आडवे आले, ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि भागीरथा त्या जागेवर आपोआप जाऊन आदळली. बसमधल्या सगळ्यांना बरं वाटलं.

संध्याकाळी ती घरी आली तेव्हा छाती दगडासारखी भरून आली होती. दुपारची पेज आजी भरवायची, बाकीचा सगळा कारभार भागीरथाकडे होता. गौतमीला पदराखाली घेऊन ती भिंतीला टेकली आणि तिने मनाशी ठरवलं, की हे वजन उतरवायचं, आणि कोणाला सांगायचं नाही. आपण जाड झालोय असं तोंडाने कबूल करण्यापेक्षा तिला दुसरं काहीही चाललं असतं.

इतकं गुपचूप काही करायला तिचं घर सोयीचं नव्हतं. सासू जयवंताबाईंनी ताटात दोन भाकरी वाढल्या, वर तुपाची धार धरली आणि शेजारी डिंकाचा लाडू ठेवला.

"एकच भाकर द्या, आत्याबाई. लाडू नोको."

"काऊन?"

"इच्छा नाई."

जयवंताबाईंच्या हातातलं तूप थांबलं. "लेकरू अंगावर पिऊन राह्यलं अन् तुले इच्छा नाई? दूध काय विहिरीतून येते काय? खाशील तं येईल."

आणि भागीरथाला भूक तर लागलीच होती. साधी भूक नव्हे. पाजून झालं की पोटात असा खड्डा पडायचा, की समोर फळ्याचं पुसणं दिसलं तरी त्यावर चटणी घालावीशी वाटावी. ती एका भाकरीवर उठली आणि थोड्या वेळाने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या, तेल-तिखट लावून, राहिलेली दुसरी भाकर तिने खाल्ली. उपासाचा हा क्रम रोजचाच झाला. सकाळी निश्चय आणि संध्याकाळी भाकर.

भूक आवरत नाही म्हटल्यावर तिने दुसरे उपाय धरले. शाळेतल्या एका बाईंनी सांगितलं म्हणून उपाशीपोटी लिंबूपाणी प्यायला लागली. उजाडताच हायवेच्या दिशेने चालून यायला लागली. रुक्माबाईंनी गोड चहा पुढे केला, तर "नोको काकू, मळमळते" असं काहीतरी सांगून सुटका करून घेतली. साखर नको असं म्हटलं असतं, तर का नको, हे सांगावं लागलं असतं.

रुक्माबाईंना हिशोब येत होता. बसमध्ये जागा दिलेली त्यांनी डोळ्यांनी पाहिली होती. आता बाई जेवत नाही, लिंबू मागवते, चहाने मळमळते आणि मोकळ्या हवेत चालायला जाते. एवढं झाल्यावर वेगळं कोणी सांगायला पाहिजे असं त्यांना वाटलं नाही, आणि त्यांनी ते स्वतःजवळ ठेवलंही नाही.

भागीरथाला पहिला पत्ता लागला तो नवऱ्याकडून. सुधाकरराव मंडळ कचेरीत, म्हणजे तिकडच्या तहसिलीत, कारकून होते. भांडण सोडून जगातलं काहीही करायची त्यांची तयारी असे. एका संध्याकाळी ते घरी आले आणि बराच वेळ चपला काढत राहिले.

"काय झालं?" भागीरथाने विचारलं.

"काई नाई. कचेरीत सगळे मुबारक मुबारक करून राह्यले होते."

"कशाचं मुबारक?"

"तेच मी म्हनलं. म्हनलं, तसं काई नाई. तं म्हने, लपवता काऊन. मंग मी चहा सांगितला. अन् मिरची भजे."

भागीरथा मांडीवरच्या गौतमीसकट उठून उभी राहिली. "तुमी भजे खाऊ घातले? म्हंजे कबूल केलं?"

"कबूल नाई केलं. पन ते आयकतच नव्हते. भजे आल्यावर विषय तं बदलला."

"लोक माह्या पोटाचं बोलतात अन् तुमी त्याईले भजे चारता."

सुधाकररावांनी विचार केला. "गरम होते," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाळेत मुख्याध्यापक केशवरावांनी तिला खोलीत बोलावलं. केशवराव भले गृहस्थ होते आणि म्हणूनच त्यांच्याशी भांडणं अवघड होतं. त्यांनी खिडकीबाहेर पाहत सुरुवात केली, की पाळणा लांबवण्याचे अनेक सोपे मार्ग आता सरकारी दवाखान्यात उपलब्ध आहेत आणि शिकल्या-सवरलेल्या घरांनी तरी आदर्श ठेवायला हवा.

"सर, मी पोटुशी नाही."

"बाई, मी रागावलो नाही. मला फक्त बदली शिक्षक शोधायला वेळ पाहिजे."

"अहो, पण नाहीच मी."

"ठीक आहे, तुम्ही म्हणता तसं," केशवराव म्हणाले आणि त्याच दिवशी तिच्या वर्गात हात असलेली एक खुर्ची पाठवली. सगळी शाळा ती खुर्ची पाहायला येऊन गेली. भागीरथाने संतापाने दिवसभर उभं राहून शिकवलं. पायांची आग झाली, पण ती बसली नाही.

त्या दिवशी बस उशिरा आली. घराच्या दारात पोचता पोचता तिला गौतमीचं रडणं ऐकू आलं, भुकेचं नव्हे, चिडल्याचं. आत जयवंताबाई तिला आडवी धरून वाटीतलं गाईचं दूध चमच्याने तिच्या तोंडात घालत होत्या, आणि गौतमी ते तितक्याच नेटाने बाहेर काढत होती. आजीचं लुगडं भिजलं होतं.

"हे काय करून राह्यल्या, आत्याबाई? द्या इकडे."

जयवंताबाईंनी नात दिली नाही. त्यांचा चेहरा उतरला होता. "तू मले सांगाले पायजे होतं, पोरी. गावाले माहीत, कचेरीले माहीत, अन् मी एका घरात राहून मले रुक्माबाईकडून समजावं? मी काय खाल्लं असतं तुले?"

"काय सांगाले पायजे होतं?"

"पोटुशीचं दूध लेकराले बाधते. रुक्मा म्हने, तिच्या जावेचं लेकरू वाळून गेलं होतं. आता हिचं दूध तोडाच लागते."

इतका वेळ भागीरथाला राग येत होता तो स्वतःसाठी. आता तो वेगळ्याच जागेवरून आला. बस, खुर्ची आणि भजी तिने सोसली होती, पण गावच्या अंदाजावर तिच्या लेकीचं दूध तुटणार होतं. तिने सासूच्या हातातून गौतमीला उचललं, पदराखाली घेतलं आणि रडणं थांबलं. गौतमी हुंदके देत, एका मुठीत आईचं मंगळसूत्र घट्ट धरून पीत राहिली.

"उद्या दवाखान्यात चला," भागीरथा म्हणाली. "तुमी सोबत चला. तुमच्या कानानं आयका."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तेलुगू होत्या आणि या दोघींशी हिंदीत बोलल्या. तपासणी करून त्यांनी सांगितलं, की ही पोटुशी नाही, आणि असती तरी मुलीचं दूध तोडायचं कारण नव्हतं. मग त्यांनी भागीरथाकडे पाहिलं. "तुम खाना क्यों कम कर रही हो?"

भागीरथाने पदर पोटावर ओढून घेतला.

"वजन कम करना है?" डॉक्टरीणबाईंनी थेट विचारलं.

जयवंताबाईंनी वळून सुनेकडे पाहिलं. भागीरथा भिंतीवरच्या लसीच्या चित्राकडे पाहत राहिली.

"दूध पिलाती हो तो भूख लगेगी. पेट भर खाओ. घी-लड्डू थोडा कम, भाजी-दाल ज़्यादा. चलना अच्छा है, चलती रहो. जैसे चढ़ा वैसे धीरे धीरे उतरेगा. जल्दी किस बात की है?"

दोघी घरी निघाल्या. लाडवावर गदा आली म्हणून जयवंताबाई रुसल्या होत्या, आणि गुपित फुटलं म्हणून भागीरथा. अशी दोन उतरलेली तोंडं दवाखान्याच्या फाटकातून बाहेर पडताना भाजी घेत असलेल्या रुक्माबाईंनी पाहिली. त्यांनी हाक मारली नाही. हातातली वांगी खाली ठेवून त्या चुकचुकल्या.

त्यानंतर गावात एकाएकी सगळे गप्प झाले. मुबारक बंद झालं. केशवरावांनी खुर्ची परत नेली आणि तिला न विचारता दोन दिवस तिचा वर्ग स्वतः घेतला. लोकांना अखेर अक्कल आली, असा भागीरथाने अर्थ लावला आणि ती पोटभर जेवायला लागली. सकाळचं चालणं चालू राहिलं. गौतमी दूध ओढत होती, रांगायला लागली होती, आणि तिच्यामागे धावताना दिवस कसे जात होते कळत नव्हतं. कापूस वेचणीला आला तोवर ब्लाउज सैल झाले, निऱ्या पुन्हा भरपूर बसू लागल्या आणि गालांची हाडं दिसायला लागली. तिला फार बरं वाटत होतं.

अशा एका रविवारी ती धुणं वाळत घालून आली, तर दारात बायकांच्या चपला दिसल्या. आत डोक्यावर पदर घेऊन गल्लीतल्या बायका ओळीने बसल्या होत्या आणि नाकं पुसत होत्या. भागीरथाने हातातली बादली तिथेच ठेवली. तिने आधी गौतमीला शोधलं. गौतमी कोपऱ्यात गोधडीवर बसून लाटणं चोखत होती. मग तिने सासूला पाहिलं. जयवंताबाई पदराने डोळे पुसत होत्या.

"कोन गेलं, आत्याबाई?"

"मले काय माहीत," जयवंताबाई हुंदका देऊन म्हणाल्या. "ह्या आल्या तशा रडून राह्यल्या. माह्या भावाचंच काई असंल. सांगतच नाईत."

रुक्माबाई उठल्या. त्यांच्या पुढ्यात झाकलेलं पातेलं होतं. त्यांनी भागीरथाचा हात हातात घेतला. "आमी आधीच येनार होतो, पन म्हनलं, जखम ताजी हाय. आता तुले वाळेल पाह्यलं अन् राह्यवलं नाई. जे झालं ते झालं, पोरी. वय हाय तुह्यं. अजून होईल. सुकटीचं कालवन आनलं, दोन घास खाय."

भागीरथाला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा बसपासून साचलेलं सगळं एकदम वर आलं.

"काकू, मले काईच झालं नाई. मी पोटुशी नव्हतीच. बसमंदी नव्हती, शाळेत नव्हती, दवाखान्यात नव्हती. मी जाड होती. आयकलं का सगळ्याईनं? जाड होती मी."

रडणाऱ्या बायकांचे पदर डोळ्यांवरच थांबले. बाहेर सुधाकरराव घरी येत होते, ते उंबऱ्यावरूनच परत फिरले.

सगळ्यात आधी सावरल्या त्या जयवंताबाई. भाऊ जिवंत आहे हे कळल्याबरोबर त्यांचं रडणं थांबलं आणि त्या ताडकन उभ्या राहिल्या. "जाड कोनाले म्हनते? माह्या घरात कोनी जाड नाई. भरेल अंगाची होती माही सून. मी खाऊ घातलं होतं तिले. अन् तुमी तिले पोटुशी म्हनता, मंग रडाले येता? मी इकडं माह्या भावासाठी रडली."

रुक्माबाई खजील झाल्या, पण हिशोब अजून जुळत नव्हता. त्यांनी भागीरथाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"ते सगळं खरं," त्या हळूच म्हणाल्या. "पन मंग येवढं अंग गेलं कुठं?"

भागीरथा गोधडीकडे गेली. गौतमीला काखेत हात घालून उचलताना तिला कंबर सांभाळावी लागली. पोरीच्या मनगटांना वळ्या होत्या, मांड्यांना वळ्या होत्या, मान तर कुठे दिसतच नव्हती. तिने तिला आणून रुक्माबाईंच्या मांडीवर ठेवलं.

"कुठं जाते," ती म्हणाली. "घरातच हाय."

रुक्माबाईंनी गौतमीला सावरलं. मग पाय बदलला, परत सावरलं. शेजारच्या बाईने पातेलं बाजूला सरकवून त्यांना जागा करून दिली.

"हो बाई," रुक्माबाई दम खात म्हणाल्या. "हाय."